लेन्स घेताना आधी छोटा आकडा वाचा

कॅमेरा नवा घेतलेला माणूस लेन्सच्या दुकानात शिरला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "झूम किती आहे?" दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं. दोनशे, अडीचशे, तीनशे. "समोरच्या गच्चीवरचं माणूस ओळखू येतंय बघा," असं म्हणून तो लेन्स हातात देतो आणि त्या मोठ्या आकड्यावर सौदा पटतो. लेन्सवर त्याच्याआधी आणखी एक आकडा छापलेला असतो. १६, १८, २४ किंवा २८. त्याच्याबद्दल दोघंही बोलत नाहीत. रोजच्या वापराची लेन्स मात्र त्याच आकड्यावरून निवडायची असते. त्यानंतर एफचा आकडा बघायचा आणि मोठा आकडा सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर निम्मा गोंधळ दुकानात जायच्या आधीच मिटतो.

कारण साधं आहे. लांबची वस्तू जवळ हवी असेल तर चार पावलं पुढे जाता येतं. जाता आलं नाही तरी आजच्या चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोतून निम्मा भाग कापून काढला तरी फोनवर बघायला आणि अल्बमला पुरतो. पण पाठीला भिंत लागल्यावर मागे जाता येत नाही, आणि जे चौकटीत आलंच नाही ते नंतर कुठून आणणार? आपली निम्मी फोटोग्राफी भिंतीला पाठ लावूनच होते. आमच्या देवगाव रंगारीसारख्या गावात तर जास्तच. जुनी माळवदाची घरं, दहा बाय बाराच्या खोल्या, चिंचोळी ओसरी, गोठ्याच्या दारात उभं राहून घेतलेला वासराचा फोटो, गल्लीत घातलेला मांडव.

हे कागदावर मांडून बघू. बहुतेक नवशिक्यांच्या हातात क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, कॅमेरा असतो. निकॉनचे डी३५००, डी५६००, झेड५०, झेड३०; कॅननचे १५००डी, २००डी, आर५०, आर१०; सोनीचे ६४००, झेडव्ही-ई१०; फुजीची एक्स मालिका, हे सगळे त्यातच मोडतात. या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद असतो, कॅननचा थोडा कमी. या रुंदीला लेन्सच्या आकड्याने भागलं आणि समोरच्या माणसांपर्यंतच्या अंतराने गुणलं की चौकटीत किती रुंदीचं दृश्य बसेल ते कळतं. खोली बारा फूट लांब आहे, तुम्ही एका भिंतीला टेकलात, माणसं समोरच्या भिंतीलगत उभी आहेत. मधलं अंतर तीन मीटर धरा. १८ मिमीवर ३.९ मीटर रुंदी मिळते. २४ मिमीवर २.९ मीटर, २८ मिमीवर अडीच. एका माणसाला खांद्याला खांदा लावून अर्धा मीटर लागतो असं धरलं तर १८ वर सात माणसं ऐसपैस बसतात. २४ वर पाच, आणि २८ वर पाच जणांनाही श्वास रोखून उभं राहावं लागतं. कागदावर हा फरक सहा मिलिमीटरचा, घरात मात्र दोन काकांचा.

म्हणून क्रॉप कॅमेऱ्यासाठी पहिला नियम असा: एकच लेन्स घ्यायची असेल तर छोटा आकडा १८ किंवा त्याहून कमी हवा. १६ असेल तर उत्तम. २४-७०, २४-१०५, २८-७५ या लेन्सा आपापल्या जागी उत्कृष्ट आहेत, पण ती जागा फुल फ्रेम कॅमेऱ्यावर. तिथे सेन्सर ३६ मिमी रुंद असल्यामुळे त्याच खोलीत २४ मिमीवर साडेचार मीटर रुंदी मिळते. तीच लेन्स क्रॉप कॅमेऱ्याला लावली की ३६ मिमीपासून सुरू झाल्यासारखी वागते. "पुढे फुल फ्रेम घेणारच आहे, म्हणून आत्ताच लेन्स भारी घेऊन ठेवतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर माझा विश्वास उरलेला नाही. लेन्स आज खांद्यावर असलेल्या कॅमेऱ्यासाठी घ्यावी. फुल फ्रेम येईल तेव्हा जुनी विकता येते.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो खराही आहे. फोनमध्ये वाइड असतंच की! फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिमीचा असतो, शिवाय त्याहून वाइड असा दुसराही असतो. तेव्हा घरातले ग्रुप फोटो तुम्ही फोनवरच काढत असाल आणि त्यावर खूश असाल, तर तुमच्यासाठी हा नियम सैल होतो. पण संध्याकाळनंतरच्या खोलीत, माणसं हलत असताना, नंतर त्याच फोटोची बारा बाय अठराची फ्रेम करून भिंतीवर लावायची असेल, तर फोन आणि कॅमेरा यांच्यातला फरक भिंतीवर दिसतो. लग्नाच्या गर्दीत एक फोटो कॅमेऱ्यावर आणि दुसरा फोनवर ही कसरत तर पहिल्या अर्ध्या तासातच नकोशी होते.

लेन्स समजून घ्यायला आमच्या भागात एक फुकटची प्रयोगशाळा आहे. फुकट म्हणजे तिकीट आहे, पण दुकानदार नाही. वेरूळ. देवगाव रंगारीहून मोटारसायकलवर तासाभराच्या आत पोचता येतं. मंगळवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळायचा. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स घेऊन दुपारनंतर जायचं. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे सकाळी दर्शनी भाग सावलीत असतात आणि दुपार कलली की ऊन आत शिरायला लागतं.

आधी कैलास, म्हणजे १६ क्रमांकाचं लेणं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, हा अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणला. अंगण साधारण ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद, मागचा कडा सुमारे ३० मीटर उंच, आणि या खड्ड्याच्या मधोमध देऊळ. वाचताना जागा प्रशस्त वाटते. प्रत्यक्षात देऊळ आणि कडा यांच्यामधल्या बाजूच्या पट्ट्यात उभं राहिलं की मागे सरकायची हद्द लगेच संपते. तिथे झूमची रिंग १८ वर ठेवून देवळाची एक पूर्ण बाजू घ्यायचा प्रयत्न करा, मग रिंग २४ वर आणून त्याच जागेवरून पुन्हा. शिखर किंवा पायाशी कोरलेले हत्ती, यांपैकी काय सोडायचं हे ठरवावं लागेल. कॅमेरा वर तिरका केला की देऊळ मागे झुकल्यासारखं दिसतं, तेही इथेच लक्षात येतं. मग दक्षिणेच्या बाजूला जा. रावण कैलास हलवतो आहे ते प्रसिद्ध शिल्प तिथे आहे. त्यातल्या रावणाचे हात तेवढे चौकटीत भरायला किती मिमी लागतात ते बघा. शिल्पं आपल्या आवाक्यात आहेत, त्यामुळे ५५ पुरतं, असा बहुतेकांचा अनुभव येईल.

याच लेण्यांची छायाचित्रं रॉबर्ट गिल याने काढली होती. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलेला हा इंग्रज अधिकारी पुढे कॅमेऱ्याकडे वळला, आणि १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचं पुस्तक निघालं. झूम नावाची गोष्ट त्याच्या काळात नव्हती. चौकट बदलायची तर लाकडी कॅमेरा आणि तिवई उचलून चालायचं. साध्या ३५ मिमी कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम लेन्स १९५९ सालची, फोइक्टलेंडर कंपनीची झूमार, ३६-८२ मिमी. म्हणजे झूमचं वय पासष्टीच्या पुढचंच. त्याआधी शंभराहून अधिक वर्षं फोटोग्राफर चालतच होते, आणि झूम हातात असतानाही थोडं चालावं, फोटो बरे येतात.

कैलासनंतर १० क्रमांकाचं चैत्यगृह. लोक त्याला सुताराची झोपडी किंवा विश्वकर्मा म्हणतात, कारण दगडी छताला लाकडी वाशांसारख्या कमानी कोरल्या आहेत. आत बुद्धमूर्ती, आणि अंधार. ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही, म्हणजे हातातच कॅमेरा धरून काढायचं. इथे एफचा आकडा समजतो. किट लेन्सवर लिहिलेलं असतं ३.५-५.६. १८ वर असताना लेन्सचं तोंड एफ/३.५ इतकं उघडतं. झूम करत ५५ वर गेलात की एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. २.८ आणि ५.६ यांच्यात चौपट फरक आहे. समजा आयएसओ ३२०० वर, एफ/५.६ ला शटर स्पीड एक दशांश सेकंद येतो. एफ/२.८ असती तर तोच फोटो एक चाळीसांश सेकंदात निघाला असता, किंवा शटर तसाच ठेवून आयएसओ ८०० वर आणता आला असता आणि फोटोतला दाणा कितीतरी कमी झाला असता.

इथे बहुतेक जण निष्कर्ष काढतात की वेरूळला जायचं तर २.८ ची लेन्स हवी. मला तसं वाटत नाही. मूर्ती हलत नाही. हलतो तो आपला हात, आणि हाताची थरथर सावरायला लेन्समध्येच सोय असते. निकॉन तिला व्हीआर म्हणतं, कॅनन आयएस, सोनी ओएसएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. ही सोय असलेल्या साध्या किट लेन्सने, श्वास सोडून, खांबाला कोपर टेकवून एक दशांश सेकंदाला बुद्धमूर्तीचा खणखणीत फोटो येतो. दोन-चार काढावे लागतील, त्यातला एक नक्की. महागडी लेन्स खरी लागते ती अंधारात हलणाऱ्या माणसाला. हळदीत नवरी मान वळवते, करवल्या खिदळतात, मामा अक्षता टाकतात. तिथे एक सव्वाशेअंश सेकंदाच्या खाली शटर गेला की चेहरे फिसकटतात, आणि लेन्समधली स्थिरता त्यावर काही करू शकत नाही, कारण ती फक्त तुमचा हात सावरते. लेणी, देवळं, रात्रीचं गाव यासाठी स्थिरता, माणसांसाठी एफ/२.८. दोन्हींची गल्लत केली की वीस-तीस हजारांची उधळपट्टी ठरलेली.

फ्लॅशचं काय, असं कुणी विचारेल. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश सरळ चेहऱ्यावर मारू नये, चेहरे पिठाने माखल्यासारखे येतात. वेगळा फ्लॅश घेऊन त्याचा उजेड छतावर मारला की तो मऊ होऊन खाली येतो. शहरातल्या पांढऱ्या स्लॅबच्या हॉलमध्ये हे फार छान जमतं. पण माळवदाच्या घराचं छत धुराने काळवंडलेल्या लाकडाचं असतं, ते उजेड गिळून टाकतं. रंगीत कापडाच्या मांडवात तर त्या कापडाचाच रंग सगळ्यांच्या तोंडावर उतरतो. तेव्हा गावातली लग्नं आणि घरगुती कार्यक्रम हेच तुमचं मुख्य काम होणार असेल तर २.८ वर पैसे घालायला माझी हरकत नाही. एक मात्र लक्षात ठेवा. दोन रांगांचा ग्रुप फोटो २.८ वर काढलात तर मागची रांग आऊट जाऊ शकते. तिथे एफ/५.६ वरच यायचं असतं.

आता मोठा आकडा. तो अगदीच फालतू नाही, आणि ते पोळ्याच्या दिवशी समजतं. बाशिंग बांधलेला, शिंगं रंगवलेला, पाठीवर झूल टाकलेला बैल मारुतीपुढे आणला की सगळ्यांना त्याच्या तोंडाचा फोटो हवा असतो. शिंगांसकट तोंड म्हणजे एक मीटरभर रुंदी. ५५ मिमीवर ती चौकटीत भरायची तर बैलापासून सव्वादोन मीटरवर उभं राहावं लागतं. आजूबाजूला ताशा वाजतोय, पोरं फटाके लावतायत, आणि तुम्ही शिंगांच्या टप्प्यात एक डोळा मिटून उभे. १३५ मिमीवर तीच चौकट पावणेसहा मीटरवरून मिळते. बैल बुजत नाही, मालक ओरडत नाही, आणि मागची गर्दी धूसर होऊन बैल उठून दिसतो. दिवसाउजेडी एफ/५.६ ची काही अडचणही येत नाही. खुलताबादला भद्रा मारुतीची हनुमान जयंती, गावची जत्रा, शाळेच्या मैदानावरची कबड्डी, कपाशीच्या ओळींमधून वेचणी करत येणाऱ्या बाया, या सगळ्याला १०० ते १४० मिमी लागतं. त्याच्या पुढचं क्वचितच.

पक्षी या हिशेबात धरू नका. जायकवाडीचे पाणपक्षी किंवा गौताळ्यातलं रान रोजच्या झूमने होत नाही. त्यासाठी वेगळी, लांब लेन्स लागते. "एकाच लेन्समध्ये लग्नही आणि पक्षीही" असं म्हणत १८-३०० घेतली की ती लग्नात अंधारी ठरते आणि पक्ष्याला तोकडी पडते. निकॉनची हलकी १८-३०० सुद्धा साडेपाचशे ग्रॅमची आहे आणि लांब टोकाला एफ/६.३ वर येते. प्रवासात दुसरी लेन्स बाळगायचीच नसेल अशा माणसाला ती सोयीची. नवशिक्याला मी सुचवणार नाही.

मग उरतं काय? क्रॉप कॅमेऱ्यासाठी खरे मार्ग तीनच, आणि त्यातला पहिला म्हणजे काहीही न घेणं. किट लेन्सला नाक मुरडायची पद्धत पडली आहे, पण आताच्या १८-५५ आणि १६-५० पूर्वीच्या मानाने पुष्कळ सुधारल्या आहेत. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. शिवाय त्या अगदी जवळ जातात, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं. निकॉनची किंवा कॅननची १८-५५ पंचवीस सेंटिमीटरवर फोकस होते, आणि हे अंतर सेन्सरपासून मोजलेलं, म्हणजे लेन्सच्या काचेपासून तर ती वस्तू वितीहून जवळ येते. ५५ वर ठेवून एक फुटलेलं कपाशीचं बोंड घ्या, सहा-सात सेंटिमीटरची चौकट पूर्ण भरते. नुकत्याच खणलेल्या अद्रकाच्या गड्ड्यावरची माती, मक्याच्या कणसाचे दाणे, आजीच्या हातावरचं गोंदण, हे सगळं त्या 'फुकटच्या' लेन्सने निघतं.

किट लेन्स चार-सहा महिने वापरली की तुमचेच फोटो तुम्हाला सल्ला देतात. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिमीवर काढला ते नोंदलेलं असतं. कॉम्प्युटरवर फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत तपशील उघडला की दिसतं. तुम्हाला आवडलेले, कुणाला तरी पाठवलेले शंभरेक फोटो तेवढे घ्या. बरेचसे १८ वर असतील तर तुम्हाला लांब लेन्स नकोच आहे. बरेचसे ५५ ला टेकलेले असतील आणि वर कापलेलेही असतील, तर १८-१३५ किंवा १८-१४० तुमच्यासाठी आहे. आणि खराब गेलेले फोटो बहुतेक संध्याकाळनंतरचे, माणसांचे, फिसकटलेले असतील तर २.८ कडे वळा.

दुसरा मार्ग म्हणजे ही १८-१३५ च्या जातीची लेन्स. कॅननची १८-१३५, निकॉनची १८-१४०, दोन्ही पाचशे ग्रॅमच्या आगेमागे. सोनीची १८-१३५ सव्वातीनशे ग्रॅमची, त्यामुळे दिवसभर गळ्यात घालून फिरायला फार बरी. कॅननच्या नव्या आर मालिकेला १८-१५० आहे. शेत, सण, जत्रा, सहल, शाळेचं गॅदरिंग, सगळ्याला पुरून उरते.

तिसरा मार्ग सगळ्या टप्प्यात एफ/२.८ देणाऱ्या लेन्सचा. मिररलेसवाल्यांसाठी सिग्माची १८-५० ही २०२१ साली आली, आणि सोनीच्या माउंटमध्ये, म्हणजे सोनीच्या बॉडीला बसणाऱ्या जोडाची घेतली तर, तिचं वजन अवघं २९० ग्रॅम आहे. सोनी, फुजी, आणि २०२४ पासून कॅननच्या आरएफ माउंटलाही मिळते. तिच्यात स्थिरतेची सोय नाही, म्हणून ज्या कॅमेऱ्याच्या बॉडीतही ती नसेल तिथे लेण्यांत हात भक्कम हवा. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ सोनी आणि फुजीसाठी आहे, तिच्यात स्थिरता आहे, टप्पाही मोठा. पण वजन सव्वापाचशे ग्रॅम, म्हणजे छोट्या बॉडीवर पुढे झुकते. जुना डीएसएलआर असेल तर टॅमरॉनची १७-५० किंवा सिग्माची १७-५०, दोन्ही एफ/२.८, जुन्या बाजारात मिळतात. फुल फ्रेमवाल्यांनी २४-१०५ किंवा निकॉनची २४-१२० एफ/४ बघावी आणि पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

माझा कौल विचाराल तर गावाकडच्या, हौसेने सुरुवात करणाऱ्या माणसाने १८-१३५ घ्यावी आणि उरलेल्या पैशात एफ/१.८ ची एक छोटी प्राइम लेन्स, शक्य असल्यास ३५ मिमीची. प्राइम म्हणजे जिच्यात झूमच नाही अशी. एफ/१.८ वर एफ/२.८ च्या अडीचपट उजेड येतो, आणि रात्रीच्या हळदीत ती झूमहून सरस ठरते. पैसे घेऊन लग्नं करणार असाल, तर मात्र पहिल्यापासून २.८ ची झूम.

आता माउंटची भानगड, कारण नवशिक्याचे पैसे सगळ्यात जास्त इथे बुडतात. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ती लेन्समध्ये असावी लागते. टॅमरॉनची जुनी १७-५० निकॉनसाठी दोन प्रकारांत आली, एकीत मोटर नाही, दुसरीत आहे. बिनमोटरची डी५६०० ला लावली तर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल, आणि विकणारा ते सांगेलच असं नाही. उलट निकॉनच्या एएफ-पी लेन्सा डी९०, डी३१००, डी३२०० यांसारख्या जुन्या बॉडींवर फोकसच होत नाहीत. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. जुन्या ईएफ लेन्सा नव्या आर मालिकेला अडॅप्टर लावून झकास चालतात. शंका असेल तेव्हा आपली बॉडी घेऊनच दुकानात जावं.

बॉडीबरोबर रिकामं मेमरी कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च एवढंच सामान न्या. लेन्स संभाजीनगरात मिळाली तर उत्तम. मुंबईला जाणंयेणं असेल तर फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याच्या दुकानांची रांगच आहे, भाव करता येतो. लेन्स लावून रस्त्यापलीकडच्या एखाद्या दुकानाच्या पाटीसमोर अगदी सरळ उभं राहा आणि लहान आकडा, मधला, मोठा आकडा असे तीन फोटो काढा, तोंड पूर्ण उघडं ठेवून. मग स्क्रीनवर मोठं करून चारही कोपरे बघा. कोपरे थोडे मऊ असणारच, पण डावा कोपरा स्पष्ट आणि उजवा धूसर असेल तर आतलं भिंग सरकलेलं आहे. ती लेन्स परत करा, दुकानदार काहीही सांगो. सेकंडहँड असेल तर दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा उजेड मारा आणि पुढून तिरपं बघा. धुळीचे दोन-चार कण असतील तर असू द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणातून आलेल्या लेन्सांत जास्त सापडते, आणि साफ करूनही खात्री देता येत नाही. लेन्स जमिनीकडे धरून हळूच हलवा. आपोआप लांब होत असेल तर रिंग सैल आहे. त्याने फोटो बिघडत नाही, पण भाव पाडायला चांगलं कारण मिळतं.

'व्हाइट बॉक्स' नावाचा एक प्रकार आहे. कॅमेऱ्याच्या किटमधून काढलेली लेन्स साध्या पांढऱ्या खोक्यात विकतात. लेन्स नवीच असते आणि स्वस्तही पडते, पण कंपनीच्या वॉरंटीचं काय ते बिलावर लिहून घ्यावं. बिलावर लेन्सचा सिरियल नंबर हवाच.

घेतल्यावर पहिला खर्च हूडचा. बऱ्याच कंपन्या स्वस्त लेन्सबरोबर तो देत नाहीत. दुपारच्या उन्हात फोटोवर येणारी पांढरट झाक तो अडवतो, आणि लेन्स दाराला आपटली तर मार आधी त्यालाच लागतो. फिल्टर घ्यायचा तर लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलात तिरकी रेघ असलेल्या खुणेपुढे ५५, ६७ असा जो आकडा असतो, त्याच मापाचा. फोकल लेंग्थचा, म्हणजे १८-५५ सारखा, आकडा बघून फिल्टर मागणारी गिऱ्हाइकं रोज येतात, असं दुकानदार सांगतात.

मराठवाड्यात लेन्सचा खरा शत्रू धूळ. झूम करताना लांब होणारी लेन्स हवा आत ओढते आणि हवेबरोबर फुफाटाही. मक्याची मळणी चालू असेल तिथे यंत्राच्या वाऱ्याखाली उभं राहू नका, आणि खळ्यावर लेन्स बदलू तर अजिबात नका; सेन्सरवर बसलेला कण आभाळाच्या प्रत्येक फोटोत काळा ठिपका होऊन येतो. बदलायचीच वेळ आली तर गाडीच्या काचा वर करून, कॅमेरा बंद करून, त्याचं तोंड खाली धरून बदला. पोळा ऐन पावसाळ्यात येतो आणि या स्वस्त लेन्सांना पाण्यापासून संरक्षण नसतं. दुधाची स्वच्छ पिशवी एका बाजूने कापून लेन्सवर चढवायची, हूडच्या कडेला रबर लावायचं, की भुरभुर पावसात तासभर निभावतं. घरी आल्यावर लेन्स पुसून रात्रभर उघड्यावर ठेवा, ओली तशी बॅगेत घालू नका. चार महिन्यांचा पावसाळा असेपर्यंत सिलिका जेलच्या पुड्या घातलेला, झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा पुरतो.